भिंतीकडचं स्टूल

दैवशाला : …आणि शेवटी बोटं. एकेक बोट चाटते, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत. मी घड्याळ लावून बघितलंय अक्षता, नुसत्या बोटांनाच दोन मिनिटं जातात. त्याच्यानंतर पाणी. तोंडात पाणी घेते, गालातल्या गालात खुळखुळवते, आणि मंग काय करते?

अक्षता : गिळते.

दैवशाला : गिळते. थुंकत न्हाई.  तीन वर्षं झाली, बियाणं तपासायच्या ह्या नमुना खोलीत माझा डबा अर्धाच संपून राह्यला. आमचे हे विचारतात, भाजीला मीठ कमी पडलं का. काय सांगू त्यांना? माझ्या खोलीत एक बाई रोज दीड वाजता रवंथ करते म्हणून?

अक्षता : आता तर त्या भिंतीकडं तोंड करून बसतात, ताई. दिसत तरी नाही.

दैवशाला : ते बी मीच बसवलं. गोडीनं सांगितलं, गिरिजाबाई, खिडकीतलं ऊन तुमच्या डोळ्यावर येतं, स्टूल फिरवून बसा. बसली बिचारी. पण आवाज थोडाच भिंतीकडं तोंड करून बसतो? तिकडं आपटतो आणि इकडंच येतो. बरं एवढंच की तिची पाठ असली की आपल्याला दोन शब्द बोलता येतात. हळू बोललेलं तिच्या कानावर जात न्हाई.

अक्षता : तुम्ही तो आवाज साहेबांना ऐकवला ना?

दैवशाला : मोबाइलवर घेतला होता. अकरा सेकंद. धर्मराज साहेब हसले न्हाईत, मी तोंडाकडंच बघत होते. हातातलं बिस्किट त्यांनी बशीत ठेवून दिलं. म्हणलं, झालं काम. मंग डिस्पॅचच्या पप्पूनं माझ्याकडून मागून घेतला. आता त्याच्या फोनची घंटीच ती आहे. डिस्पॅचमध्ये फोन वाजला की सगळे हमाल पोट धरून हसतात.

अक्षता : गिरिजा मावशींसमोर पण वाजतो तो.

दैवशाला : वाजू दे की. तिला काय वळखू येतंय? परवा तीच विचारत होती म्हणे, कुणाची म्हैस रं पप्पू ही. ते सोड. तक्रारीचा कागद वाचलास का?

अक्षता : वाचला.

दैवशाला : मंग?

अक्षता : त्यात दाणे तोंडात घालतात असंही लिहिलंय. ते तर त्यांचं कामच होतं, ताई.

दैवशाला : होतं. कधी? ओलावा मोजायचं मशीन नव्हतं तेव्हा. बी वाळलं का न्हाई ते दाताखाली धरून बघायचे, मान्य. पण मशीन येऊन आठ वर्षं झाली. आता कोण चावतं दाणे? बाहेरच्या पार्ट्या येतात, हैदराबादची माणसं येतात. त्यांच्यासमोर ही बाई मूठभर मका उचलणार आणि तोंडात टाकणार. चांगलं दिसतं का ते?

अक्षता : आता तोंडात टाकत नाहीत त्या. त्यांचे दात कुठं राहिलेत.

दैवशाला : तेच तर म्हणून राह्यले मी. दात न्हाईत म्हणून भाकर कुस्करते, वरणात बुडवते, हिरड्यांनी दाबते आणि तो चपक चपक आवाज येतो. दात न्हाईत तर माणसानं दूध-भात खावा. लपून खावा. आपलं वय झालं हे माणसाला कळायला पाहिजे का न्हाई?

अक्षता : रिटायर व्हायला अकरा महिने राहिलेत त्यांचे.

दैवशाला : अकरा महिने म्हणजे किती डबे झाले, मोज. आणि मी तिला काढा म्हणते का? शहागडच्या गोडाऊनला पाठवा म्हणते. नदीकाठ आहे, हवा चांगली आहे.

अक्षता : दोन एसट्या बदलाव्या लागतात. त्यांना आपला हा जिना चढवत नाही. त्या जाणारच नाहीत ताई, राजीनामा देतील. अठ्ठावीस वर्षं झाली त्यांना इथं. निरोपाच्या दिवशी कुठलं लुगडं नेसायचं ते सुद्धा ठरवून ठेवलंय त्यांनी. मला दाखवलं.

दैवशाला : तुला दाखवलं. हां. एकाच वस्तीतल्या तुम्ही. तुला इथं चिकटवलं बी तिनंच, मला म्हाईतये. साहेबांपुढं जाऊन उभी राहिली होती, आमच्या भिवाची पोरगी हाय, बी.एस्सी. झालीय, जबाबदारी माझी. म्हणूनच तुझी सही पाहिजे.

अक्षता : मला कळलं नाही.

दैवशाला : साहेब म्हणाले दोन सह्या पाहिजेत. खोलीत आपण दोघीच. आणि खरं सांगू का? माझी एकटीची सही असली तर लोक भलतंच बोलतील. मी जात-बीत काही मानत न्हाई, तुला म्हाईतये. एका टेबलावर जेवतो आपण. पण लोकांचं तोंड कसं असतं? म्हणतील, राजूरकडच्या पाटलीणबाईला बौद्धवाड्यातली बाई शेजारी जेवायला चालली न्हाई. तुझी सही खाली असली की सगळ्यांची तोंडं बंद.

अक्षता : म्हणजे मी त्याच्यासाठी.

दैवशाला : अगं, तुझ्या भल्याचंच बोलून राह्यले. तुझा कायम करायचा कागद साहेबांच्या टेबलावर पडलाय. मला विचारत होते, पोरगी कशी आहे. मी काय म्हणाले, सांगू? म्हणाले, साहेब, एकदम स्वच्छ. तिच्यासारखी बिलकुल न्हाई. पहिल्यांदा डब्यात सुकट आणली होती, मी एकदाच नाकाला पदर लावला. त्याच्यानंतर आजपर्यंत आणली न्हाई. शिकणारी पोरगी आहे.

अक्षता : असं सांगितलंत?

दैवशाला : मंग. आणि तुझा पहिला दिवस मी इसरले न्हाई. तिनं दारातूनच खणखणीत जय भीम घातला तुला. सगळी खोली ऐकत होती. आणि तू हळूच म्हणालीस, गुड मॉर्निंग. मी तेव्हाच वळखलं, ही पुढं जाणार.

अक्षता : त्या दिवशी माझा आवाजच निघाला नाही, ताई.

दैवशाला : निघाला न्हाई तेच बरं झालं. आता ह्या कागदावर बी आवाज काढायचा न्हाई, नुसती सही करायची. चारला साहेब निघतात.

अक्षता : तुम्हाला एक सांगू का? मला त्या आवाजाचा राग तुमच्यापेक्षा जास्त येतो.

दैवशाला : बघ.

अक्षता : माझे बाबा असेच खातात. हेच कुस्करणं, हेच बोटं चाटणं, पाणी खुळखुळवून गिळणं. मी अकरावीला गेले तेव्हापासून घरी वेगळ्या खोलीत जेवते. आई म्हणते, पोरगी अभ्यास करते. मी अभ्यास करत नव्हते, दार लावून बसत होते. शिकले, नोकरी लागली, वाटलं सुटले. आणि इथं येऊन डबा उघडला तर कोपऱ्यातून तोच आवाज.

दैवशाला : मंग तर तुझा हक्कच आहे सहीवर. घे.

अक्षता : पेन द्या.

दैवशाला : इथं खाली. माझ्या नावाच्या खाली. पूर्ण नाव लिही, आडनावासकट. … हां. अक्षर किती देखणं गं तुझं. आता लिफाफा. डिंकाची बाटली पार वाळली बघ. तुझ्या डब्यात भात आहे का?

अक्षता : आहे थोडा.

दैवशाला : दोन शितं दे. आमची आजी पोष्टाची पाकिटं शितानंच चिकटवायची. दाब जरा अंगठ्यानं. झालं. जिना वाजतोय, आली वाटतं. तू जेव गुपचूप. — या गिरिजाबाई, या. दमलात?

गिरिजाबाई : दमले बाई. जिना म्हणतो चढ, गुडघा म्हणतो बस, आन मी मधल्यामधी दोघांची भांडणं मिटवीत येते. अक्षू, हे घे माय. मक्याचा नमुना. चारला गाडी भरायचीय, पप्पू खाली नुसता नाचून राह्यला. म्हणतो जल्दी पास करा, पार्टी थांबलीय.

अक्षता : ठेवा इथं, मावशी. तुम्ही जेवलात का?

गिरिजाबाई : खालीच जेवले आज, पायरीवर. दैवशालाबाईंचा घास उगं अडखळू नये.

दैवशाला : अहो, माझं कसलं. तुम्ही उगीच मनाला लावून घेता.

गिरिजाबाई : मनाला न्हाई लावलं. मन आता निवांत हाय माझं. सकाळी साहेबानं बोलावलं होतं ना.

अक्षता : काय म्हणाले?

गिरिजाबाई : म्हणले, गिरिजाबाई, शहागडला जाता का. मी म्हणलं, काय चुकलं. म्हणले, चुकलं न्हाई, खोलीतली तक्रार हाय, खाण्यापिण्याची. मी म्हणलं, साहेब, अठ्ठावीस वर्षं तुमच्या कंपनीचं बी माझ्या तोंडातून पास होऊन गेलं, तवा कुणाला माझ्या तोंडाची किळस आली न्हाई.  मंग मीच म्हणलं, तोंडी तक्रारीवर मी हालत न्हाई. लिहून आणा. दोघींच्या सह्या आणा. दोघीच बसतेत त्या खोलीत. दोन सह्या दाखवा, मी उद्याच्या उद्या बोचकं बांधते. एक असली तर अकरा महिने माझं स्टूल कुणी हलवायचं न्हाई. साहेब म्हणले, कबूल.

अक्षता : तुम्ही म्हणालात? दोन सह्या पाहिजेत असं तुम्हीच म्हणालात?

गिरिजाबाई : व्हय. मीच. म्हणून तर निवांत झाले. दैवशालाबाई, तुमच्यावर राग न्हाई हां माझा. तुमचे कान नाजूक, तुम्ही केली असंल तर केली असंल. पर दुसरी कुठून आणतेत? … का गं माय, घास तसाच धरून बसलीस?

अक्षता : काही नाही. ठसका लागला.

दैवशाला : पाणी पी अक्षता. आणि तो मका मशीनमध्ये टाक, गाडी खोळंबलीय.

अक्षता : टाकला. ओलावा साडेअकरा टक्के दाखवतंय. पास आहे.

गिरिजाबाई : साडेअकरा? माझ्या मुठीला तसा लागला न्हाई तो. मुठीत घेतला तवा सळसळला न्हाई, गप पडून राह्यला. अक्षू, एक दाणा चाव बरं.

दैवशाला : झालं सुरू.

गिरिजाबाई : चाव माय. माझ्या तोंडात काय राह्यलंय आता. तू चाव, मी ऐकते. मागच्या दाढंनं, उजव्या. … हां. अजून एक. जरा दमानं. … वल्ला हाय.

अक्षता : तुम्हाला नुसतं ऐकून कळलं?

गिरिजाबाई : दोन वर्षं झाली, तुझ्याच दातानं लॉट बघून राह्यले मी. तुला वाटायचं मावशी लाडानं दाणे खायला देते. वाळलेला दाणा कट करून बोलतो, लेकी. वल्ला नुसता दबतो, तोंडातल्या तोंडात कण्हतो. आम्ही साठ बाया होतो निवडायला, ह्या खोलीच्या जागी तवा पत्र्याचं शेड होतं. सगळ्या एकदम दाणे फोडायच्या, तर पत्र्यावर टपोरा पाऊस पडल्यावाणी वाजायचं. त्याच्यावर गाणं बी होतं आमचं.

दैवशाला : गाणं राहू द्या आता.

अक्षता : म्हणा मावशी.

गिरिजाबाई : दाताखाली दाणा, कट बोले कसा,
कोरड्या उन्हाचा, त्याला भरवसा.
मला एवढंच आठवतंय. बाकीचं ज्या बायांना येत होतं त्या गेल्या. दात आधी गेले त्यांचे, मंग त्या.

दैवशाला : गिरिजाबाई, मशीन साडेअकरा म्हणतंय. तुमच्या गाण्यावर गाडी थांबवता येते का?

गिरिजाबाई : न्हाई थांबवत. मी सांगायचं ते सांगितलं. दोन दिवस ऊन द्या, न्हाईतर पोत्यात बुरशी धरंल. मशीनचा बी कान बसत आसंल की कधी, माणसाचा बसतो तसा. आन दैवशालाबाई, बोलतेच हाय तर एक सांगते. तुमची उजवीकडची खालची दाढ आतून पोकळ झालीय.

दैवशाला : काय?

गिरिजाबाई : दिवाळीपासून तुम्ही डावीकडनं खाता. पोळीचा तुकडा चुकून उजवीकडं गेला की आवाज बदलतो, मडकं चिरल्यावाणी येतो. मी बोलले न्हाई. म्हणलं, बाईमाणसाला जेवताना कुणी टोकू नये. पर आता ठणका उठायच्या आत डाक्टरला दावा.

दैवशाला : तुम्ही माझं खाणं ऐकत बसता?

गिरिजाबाई : बसत न्हाई ओ, येतं ऐकू. मला दुसरं काय येतं? अक्षू कोणत्या दिवशी शिळी पोळी आणती, मला म्हाईत हाय. कोणत्या दिवशी नुसता डबा उघडून झाकती, ते बी म्हाईत हाय. त्या दिवशी मी माझ्यातली चटणी पुढं सरकवती. तिला वाटतं मावशीला जास्त झाली.

अक्षता : मावशी, पप्पूच्या फोनवर…

गिरिजाबाई : म्हैस व्हय?

अक्षता : ती म्हैस नाहीये.

गिरिजाबाई : म्हाईत हाय की माय. माझा आवाज मला वळखू येणार न्हाई व्हय? आवाजावरच भाकर खाल्ली सारा जलम. पर पोरगं हसत होतं, चार हमाल हसत होते. म्हणलं, आपण बी म्हैस म्हणून मोकळं व्हावं. मीच हाय म्हणलं असतं तर बिचाऱ्यानं फोन कुठं लपवला असता.

दैवशाला : गिरिजाबाई, तुम्ही खाली चाललाच आहात ना?

गिरिजाबाई : जाते की. पप्पूला सांगावं लागंल ना, पास म्हणून.

दैवशाला : मंग हा लिफाफा तेवढा साहेबांच्या हातात द्या. चारच्या आत.

अक्षता : मी नेते ताई. द्या इकडं.

दैवशाला : तू जेव. तुझा डबा अर्धा आहे अजून.

अक्षता : मला भूक नाही. मावशी, द्या, मी नेते. तुमचे गुडघे दुखतात.

गिरिजाबाई : उतरायला काय त्रास न्हाई गं. चढायलाच हाय. … वल्ला हाय की हा. शितानं चिकटवलाय?

दैवशाला : डिंक वाळला होता.

गिरिजाबाई : आंबेमोहोराची कणी हाय. वासावरनं. तुमच्या घरी तर भात करत न्हाईत दुपारचा, दैवशालाबाई.

अक्षता : माझ्या डब्यातला आहे.

गिरिजाबाई : हां. तुझ्या.

अक्षता : मावशी…

गिरिजाबाई : कागद एकच दिसतोय आत. हलका हाय. बरं, चल जाते मी. जेव माय. पोट भरून जेव. जय भीम.



दैवशाला : गेली. किती हळूहळू उतरती बघ. काय गं, तिनं जाताना एवढं म्हणलं तर तू काहीच बोलली न्हाईस?

अक्षता : तोंडात घास होता.

(पुढच्या महिन्याची सात तारीख. तीच नमुना खोली, जेवणाची सुट्टी. भिंतीकडचं स्टूल रिकामं आहे.)

दैवशाला : कसं निवांत वाटून राह्यलं बघ. पंख्याचा आवाज ऐकू येतो. आज तीन पोळ्या खाल्ल्या मी, आमचे हे खूश होतील. तू का घेऊन बसलीस नुसती?

अक्षता : खाते. दाढ कशी आहे?

दैवशाला : काढली की. डॉक्टर म्हणाला, आतून पार पोकळ होती, अजून महिनाभर थांबला असता तर जबड्यात गेलं असतं. ती बोलली म्हणून काय झालं? एक्स-रेत दिसलंच असतं.

अक्षता : पप्पू सांगत होता परवा. तो साहेबांच्या केबिनमध्येच होता म्हणे तेव्हा.

दैवशाला : काय सांगत होता?

अक्षता : साहेबांनी लिफाफा फोडला आणि वाचून खाली ठेवला. मावशी म्हणाल्या, वाचायचं काही नको, नुसत्या सह्या दाखवा. साहेबांनी कागद फिरवला. पहिल्या सहीकडं बघितलंच नाही म्हणे त्यांनी. दुसऱ्या सहीवर बोट ठेवलं, आणि बोट फिरवत फिरवत पूर्ण नाव वाचलं. मग म्हणाल्या, अक्षर चांगलं काढती आमची पोरगी.

दैवशाला : एवढंच?

अक्षता : साहेबांना म्हणाल्या, हिचं कायमचं तेवढं करून टाका. मग खाली पायरीवर जाऊन बसल्या. त्याच वेळी पप्पूचा फोन वाजला. त्यानं कापला. तेव्हापासून त्याची घंटी साधी आहे.

दैवशाला : बघ, सगळं नीट झालं का न्हाई. आणि तू म्हणायचीस ती राजीनामा देईल. शहागडला जाऊन राह्यली की रोज.

अक्षता : एक तारखेपासून पहाटे पाचला निघायच्या. बाबांनी बघितलं. स्टँडवर कडेला उभं राहून भाकरी खायच्या, एसटीत कुणाच्या शेजारी खायला लाज वाटते म्हणून. चौथ्या दिवशी गुडघ्याला पट्टा बांधून गेल्या. पाचव्या दिवशी गेल्या नाहीत. काल सुनेच्या हाती कागद पाठवलाय त्यांनी.

दैवशाला : राजीनामा?

अक्षता : हो.

दैवशाला : चला. तिचीच मर्जी. आता एक काम कर. तो मक्याचा लॉट परत आलाय, पोत्यांना बुरशी धरली. साहेब विचारून राह्यले, नमुना कुणी बघितला होता. मी गिरिजाबाईचं नाव घातलंय. ती काय आता उत्तर द्यायला येणार आहे का इथं?

अक्षता : त्यांनी ओला म्हणून सांगितलं होतं.

दैवशाला : कागदावर सांगितलं होतं का? मंग तुझं नाव घालू? पास तू म्हणालीस. कायमचा कागद अजून साहेबांच्या टेबलावरच आहे म्हणलं.

अक्षता : नको.

दैवशाला : मंग झालं तर. जेव. … अक्षता, एक बोलू का? राग न्हाई ना मानणार?

अक्षता : बोला ताई.

दैवशाला : आधी तिच्या आवाजात कळायचं न्हाई. आता खोली शांत झाली तर लक्षात येऊन राह्यलं. तू चावतेस ना, तेव्हा तुझा जबडा वाजतो. टक, टक. प्रत्येक घासाला. तुला जाणवत न्हाई का?

अक्षता : नाही.

दैवशाला : आणि पाणी पिताना घोट वाजतो. बारीकच वाजतो, पण वाजतो. मी आपलं मायेनं सांगून राह्यले. बाहेरच्या पार्टीसमोर कुणी हसायला नको.

अक्षता : मी तोंड मिटून खात जाईन.

दैवशाला : मिटून खाल्लं तरी येतंय गं. असं कर, आजच्यापुरती तिकडं बस. त्या स्टुलावर. खिडकीतलं ऊन बी न्हाई यायचं तुझ्या डोळ्यावर.

अक्षता : भिंतीकडं तोंड करून?

दैवशाला : आजच्यापुरतं म्हणलं. दाढेची जखम ताजी आहे माझी, डोकं दुखतं जरा आवाज झाला की. … हां, डबा घेऊन जा. बसलीस? बरं वाटतंय ना? … काय गं, घास का खाली ठेवलास?

अक्षता : ताई, तुम्ही आत्ता काही म्हणालात का?

दैवशाला : मी? न्हाई. मी कुठं काय बोलले?

अक्षता : म्हणालात. हळूच. शेवटी त्यांच्यातलीच, असं.

दैवशाला : तुला भास झाला असंल. एवढ्या लांब कसं ऐकू येईल?

अक्षता : येतं, ताई. ह्या भिंतीपाशी बसलं की सगळं ऐकू येतं. कुजबुजलेलंसुद्धा.